दूरची आज्ञा आणि जवळचें उत्तर

मनुष्यानें पहिलीं यंत्रें केलीं तेव्हां तीं त्याच्या हाताजवळ होतीं. मोट थांबली तर नाडा तुटला कीं बैल अडला, हें मोटकऱ्यास तेथेंच दिसे. जातें जड जाऊं लागलें तर त्याचें कारण दळणारीच्या हातालाच कळे. यंत्र आणि त्याचा धनी यांच्यामध्यें अंतर नसल्यामुळें थांबलेलें यंत्र पुन्हां सुरू करणें ही निराळी विद्या नव्हती. पुढें वाफ आली, वीज आली, आणि यंत्र एका गांवीं व त्याचा उपयोग करणारा दुसऱ्या गांवीं अशी स्थिति झाली. तेव्हां एक नवा प्रश्न उत्पन्न झाला. दृष्टीआड असलेलें यंत्र बंद पडलें, तर त्यास दुरून जागें कसें करावें? आणि तें खरोखर जागें झालें, हें तरी कसें ओळखावें?

आज हा प्रश्न गणकयंत्रें सांभाळणाऱ्या लोकांस नित्य पडतो. शेंकडों मैलांवरील एखादा सर्व्हर अडून बसतो. त्याच्यापाशीं कोणी नसतें. आणि आपल्या टेबलावरील पडद्यावरून त्याच्याशीं जोडणी करून, ठराविक आज्ञा ठराविक क्रमानें देऊन, त्यास पुन्हां चालतें करावें लागतें. तेंच काम वारंवार करावें लागलें कीं, तो आज्ञांचा क्रम लिहून ठेवून दुसऱ्या यंत्राकडूनच तो म्हणवून घेण्याची युक्ति सुचते. ही विद्या नवी दिसते, पण तिचा इतिहास गणकयंत्राहून जुना आहे. त्यांतील बराच भाग कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या भूमीवर समजावून घेतां येतो. हे तालुके पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतले. १९८१ सालीं त्या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. घाट, लोहमार्ग आणि पाणी या तिहींनीं येथील लोकांस दूरच्या आज्ञेची ओळख फार लवकर करून दिली.

जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८५६ सालीं कर्जतवरून खोपोलीपर्यंत आला. पुढें दोन वर्षांनीं घाटमाथ्यावर खंडाळ्याहून पुण्यास गाडी धांवूं लागली. परंतु मधला बोरघाट उतारूंस पालखींतून किंवा पायीं ओलांडावा लागे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या योजनेप्रमाणें १८६३ सालीं घाटांतील लोहमार्ग खुला झाला आणि हें तुटलेलें सूत्र जोडलें गेलें. ३७ फुटांस १ फूट अशी त्याची चढण. अशा मार्गावर एका स्टेशनचा अधिकारी दुसऱ्या स्टेशनास पाहूं शकत नाहीं. त्याच्या हातीं केवळ तारायंत्र. म्हणून रेल्वेनें एक नियम घालून घेतला. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ असें उत्तर आल्यावांचून गाडी सोडावयाची नाहीं. ‘आतां वाट मोकळी झाली असेल’ हा तर्क कितीहि सयुक्तिक असला तरी चालावयाचा नाहीं. उत्तर हातीं पडलें पाहिजे.

घाटांतील दुसरी एक योजना याहूनहि बोधप्रद आहे. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर ती अनावर होते. यासाठीं उतारावर कांहीं ठिकाणीं चढावाकडे जाणारे आडफांटे काढलेले आहेत. त्या ठिकाणचे सांधे मूळच्या स्थितींत आडफांट्याकडेच वळलेले असतात. गाडी नियमाप्रमाणें थांबली, तिच्यावर ताबा आहे अशी खात्री झाली, म्हणजेच सांधा फिरवून तिला मुख्य मार्ग देतात. न थांबलेली गाडी आपोआप चढावाच्या फांट्यावर जाऊन तिचा वेग मोडतो. संदेश न आल्यास काय समजावें, याचें उत्तर येथें लोखंडांत कोरून ठेवलेलें आहे. उत्तर नाहीं म्हणजे संमति नाहीं. आणि संमति नसतां जें घडावयाचें तें निरुपद्रवी बाजूसच घडावें.

लोहमार्गानंतर या प्रदेशांत वीज आली. त्या काळीं मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत आणि त्यांचा कोळसा फार लांबून आणावा लागे. घाटमाथ्यावर पावसाळ्यांत कोसळणारें पाणी अडवून तें कोंकणांत सोडावें व त्यापासून वीज करावी, ही कल्पना मुंबईंतील स्थापत्यविशारद डेव्हिड गोस्टलिंग यांनीं पुढें मांडली आणि जमशेटजी टाटांनीं ती मनावर घेतली. जमशेटजी १९०४ सालीं निवर्तले. त्यांचे पुत्र सर दोराबजी यांच्या प्रयत्नानें १९१० सालीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. १९११ सालीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें लोणावळें येथें कामाची कोनशिला बसली. आणि १९१५ च्या फेब्रुवारींत लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्तें खोपोलीच्या केंद्राचा आरंभ झाला.

या योजनेंतील साहस निव्वळ धरणांचें नव्हतें. लोणावळें, वळवण आणि शिरवतें येथील सरोवरांचें पाणी मूळचें भीमेच्या खोऱ्याकडे, म्हणजे पूर्वसमुद्राकडे वाहणारें. तें पश्चिमेस वळवून सुमारें १,७०० फूट खालीं आणिलें, आणि त्यापासून झालेली वीज १ लक्ष व्होल्टच्या दाबानें सुमारें ४३ मैलांवरील परळपर्यंत नेली. अर्थात् पाणी घाटावर, चाक खालापूर तालुक्यांत आणि माग मुंबईंत, अशी एकाच यंत्राची तीन ठिकाणीं फांकलेलीं अंगें झालीं. गिरणींतील मागापुढें उभ्या असलेल्या कामगारास खोपोली दिसत नव्हती, आणि खोपोलीच्या यंत्रचालकास तो माग दिसत नव्हता.

१९२२ सालीं आंध्रा नदीवरील ठोकरवाडीच्या धरणाचें पाणी कर्जत तालुक्यांतील भिवपुरी येथें उतरविण्यांत आलें, आणि १९२७ सालीं मुळशीच्या पाण्यावर कुंडलिकेच्या खोऱ्यांत भिरा येथील केंद्र चालू झालें. या तिसऱ्या योजनेची किंमत केवळ रुपयांत मोजतां येत नाहीं. मुळशी पेट्यांतील मावळ्यांच्या पिढीजात जमिनी धरणाखालीं जाऊं लागल्या, तेव्हां १९२१ सालीं त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. त्याचें नेतृत्व केल्यामुळेंच पां. म. बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं दिली. दुरून दिलेल्या आज्ञेस दूरचा मनुष्य दिसत नाहीं, या गोष्टीचा तो पहिला कठोर अनुभव होता.

आतां असें जलविद्युत्केंद्र बंद असतां तें सुरू कसें करितात, हें पाहिलें पाहिजे. कारण विषयाचें मर्म तेथेंच आहे. १,७०० फूट उंचीवरून आलेल्या पाण्याचा दाब नळाच्या तळाशीं चौरस इंचास ७०० पौंडांहून अधिक असतो. त्यामुळें नळाची मोठी झडप एकाएकीं उघडतां येत नाहीं. आधीं लहान आडवाटेनें पाणी सोडून झडपेच्या दोन्ही अंगांचा दाब सारखा करावा लागतो. आंसाखालच्या तेलाचा दाब पुरेसा आहे कीं नाहीं, गार करणारें पाणी वाहत आहे कीं नाहीं, चाकाचा ब्रेक सुटला आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. मग तोटींतील सुई थोडी मागें घेतली म्हणजे पाण्याची बारीक पण प्रचंड वेगाची धार चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाक फिरूं लागतें. गति ठरल्याइतकी झाल्यावर जनित्रास चुंबकत्व द्यावयाचें. तरीहि तें एकदम वाहिनीस जोडावयाचें नाहीं. बाहेरच्या वाहिनींतील विजेचा दाब, तिचीं सेकंदास होणारीं ५० आंदोलनें आणि त्या आंदोलनांचा ताल हीं तिन्हीं जुळलीं, म्हणजे त्याच क्षणीं जोड द्यावयाची. ताल चुकला तर झटका बसून जनित्राचीच हानि होते.

थांबवितांनाहि हाच विवेक लागतो. एवढ्या उंच नळांतील पाणी अकस्मात् कोंडलें तर तें घणासारखें नळावर आदळून त्यास फोडूं शकतें. म्हणून प्रथम एक पातें धारेच्या आड येऊन तिला चाकापासून बाजूस वळवितें. चाक सुटतें, पण पाणी वाहतच राहतें. आणि मग सुई सावकाश पुढें सरकून तोटी मिटविते. घाईचें काम एकानें करावयाचें आणि सावकाशीचें दुसऱ्यानें, अशी ही वांटणी आहे.

या सर्व क्रमांत आज्ञा थोड्या आणि तपासण्याच पुष्कळ आहेत, हें सहज लक्षांत येईल. प्रत्येक पायरी मागल्या पायरीचें उत्तर मिळाल्यावरच चढावयाची. यंत्रागारांत मनुष्य उभा असतो तेव्हां हीं उत्तरें त्याचे डोळे, कान व हात देत असतात. टेलिफोनवरून आज्ञा येते तेव्हां ती ऐकणारा ती जशीच्या तशी उलट म्हणून दाखवितो, आणि काम झाल्यावर ‘झालें’ असें पुन्हां कळवितो. जगांतील वीजकेंद्रांनीं ही शिस्त फार पूर्वीं अंगीकारली. तिजमध्यें वेळ जातो खरा. परंतु ‘सुरू करा’ आणि ‘सुरू करूं नका’ यांतील एक शब्द तारेवर गळाला तर काय होईल, हें ज्यानें जाणलें तो त्या वेळाची खंत करणार नाहीं.

मनुष्याच्या जागीं उपकरण ठेवण्याचे प्रयत्न अमेरिकेंत १९१४ च्या सुमारास सुरू झाले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठीं ठिकठिकाणीं लहान उपकेंद्रें लागत, आणि प्रत्येक ठिकाणीं रात्रंदिवस माणूस ठेवणें परवडत नसे. तेव्हां ठराविक क्रमानें स्वतःच जोडण्या करणारीं उपकेंद्रें निघालीं. दुरून आज्ञा देण्याचें साधन मात्र टेलिफोननें पुरविलें. कॅन्सास सिटी येथील आल्मन स्ट्राउजर नांवाच्या एका अंत्यविधिव्यवसायिकानें १८९१ सालीं स्वयंचलित टेलिफोन-जोडणीचें पेटंट मिळविलें होतें. तारांवरून ठोके पाठवून पुष्कळ जोडण्यांपैकीं नेमकी हवी ती निवडतां येते, हा त्याचा शोध वीजकेंद्रांच्या फार उपयोगी पडला. या नियंत्रणाची जी रीत रूढ झाली ती तीन पायऱ्यांची होती. आधीं दूरच्या स्विचाची निवड करावयाची. मग ‘होय, तोच स्विच निवडला गेला आहे’ असें तेथून उत्तर येऊं द्यावयाचें. आणि त्यानंतरच ‘आतां चालव’ ही आज्ञा सोडावयाची. घाटांतल्या ‘लाइन क्लिअर’चेंच हें विजेच्या भाषेंतील रूप होय.

गणकयंत्राचा दूरवास यानंतरचा. १९४० सालीं जॉर्ज स्टिबिट्झ यांनीं हॅनोव्हर या गांवीं एका सभेंत टेलिप्रिंटर ठेवून न्यूयॉर्कमधील गणकयंत्राकडून गणितें सोडवून घेतलीं. दुरून गणकयंत्र वापरल्याचें तें पहिलें उदाहरण. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील दोन संस्थांमध्यें आर्पानेट या जाळ्यावरून पहिलें दूरस्थ सत्र जोडण्याचा यत्न झाला. ‘लॉगिन’ हा शब्द धाडावयाचा होता. त्याचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचतांच पलीकडचें यंत्र बंद पडलें! तें पुन्हां सुरू करून सुमारें तासाभरानें जोडणी साधली. म्हणजे जाळ्यावरील पहिल्याच प्रसंगीं यंत्र पुन्हां चालू करण्याची पाळी आली, आणि त्या दिवशीं दोन्ही टोंकांस टेलिफोन हातीं धरून बसलेलीं माणसें होतीं म्हणूनच काय झालें तें कळलें.

पुढें यंत्रें वाढलीं आणि माणसें तितकीं वाढलीं नाहींत. तेव्हां आज्ञांचा क्रम लिहून तो यंत्राकडून चालविण्याची पद्धति आली. प्रारंभींच्या अशा लेखांत एक मोठा दोष असे. ते घड्याळावर चालत. नांव पाठवा, पांच सेकंद थांबा. संकेतशब्द पाठवा, दहा सेकंद थांबा. ‘पुन्हां सुरू हो’ म्हणा. पलीकडचें यंत्र त्या दिवशीं मंद असलें कीं नांवाच्या जागीं संकेतशब्द पडे आणि पुढला सर्व क्रम घसरे. या दोषावरचा उपाय १९९० सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय मानक संस्थेचे डॉन लिब्स यांनीं ‘एक्स्पेक्ट’ या कार्यक्रमाच्या रूपानें दिला. ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे अपेक्षा करणें. हा कार्यक्रम आज्ञा धाडतो आणि पलीकडून अपेक्षित शब्द येईपर्यंत वाट पाहतो. तो आला तर पुढची पायरी. दुसरें कांहीं आलें तर दुसरी वाट. ठराविक मुदतींत कांहींच आलें नाहीं तर माघार. पुढें १९९५ सालीं फिनलंडमधील तातू यूलोनेन यांनीं या संभाषणास ‘एसएसएच’चें कुलूप दिलें, त्यामुळें वाटेंत बसून संकेतशब्द चोरणें दुर्घट झालें, पलीकडचें यंत्र तेंच आहे ना, हेंहि त्यायोगें पडताळतां येऊं लागलें.

सर्व्हर पुन्हां सुरू करण्याच्या कामीं मात्र एक विलक्षण अडचण आहे. ज्या वाटेनें आज्ञा गेली तीच वाट आज्ञा पाळली जातांच नाहींशी होते. यंत्र झोपीं गेलें कीं संभाषण तुटणारच. तें तुटलें म्हणजे काम फसलें असें नव्हे, आणि काम साधलें असेंहि नव्हे. चांगला लेख म्हणून येथें थांबतो, कांहीं वेळानें पुन्हां जोडणी करूं पाहतो, आणि जोडणी झाली एवढ्यानेंहि संतुष्ट होत नाहीं. यंत्र कितीं वेळांपूर्वीं जागें झालें आणि त्यावरील सेवा खरोखर उत्तर देते कीं नाहीं, हें विचारतो. खोपोलीच्या चाकानें गति घेतली म्हणजे परळला वीज पोंचली असें नव्हे, तसेंच हें.

परंतु तें यंत्र जागेंच झालें नाहीं तर? येथें जलविद्युत्केंद्राचा खरा थोरपणा प्रकट होतो. कोळशाचें औष्णिक केंद्र पूर्ण थंड पडलें कीं त्यास स्वतःच्या बळावर उठतां येत नाहीं. पाणी चढविणारे पंप आणि हवा फुंकणारे पंखे चालविण्यास त्याला आधीं बाहेरून वीज लागते. पाण्याच्या केंद्राचें तसें नाहीं. सरोवरांत पाणी आहे, तें उंचावर आहे, आणि तेलाचा दाब व थोडी साठविलेली वीज एवढ्यावर सुई मागें घेतां येते. सर्वत्र अंधार असतां तें प्रथम उठतें आणि मग इतरांस उठवितें.

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईनें याची प्रचीति घेतली. सकाळीं दहाच्या सुमारास शहरास बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या निकामी झाल्या. अशा वेळीं मुंबईनें बेटासारखें अलग होऊन स्वतःच्या विजेवर तग धरावी, अशी योजना पूर्वींच केलेली होती. पण त्या दिवशीं ती टिकली नाहीं. लोकलगाड्या जागींच उभ्या राहिल्या. पुरवठा पूर्ववत् करण्यासाठीं ज्या यंत्रांकडे धांव घेण्यांत आली त्यांत तुर्भ्याच्या केंद्राबरोबर टाटांचीं तीन जलविद्युत्केंद्रेंहि होतीं. १९१५ सालच्या गिरण्यांपैकीं बहुतेकांचे भोंगे केव्हांच थांबले. खोपोलीचीं जुनीं यंत्रेंहि बदललीं. परंतु तिचें ७२ मेगावॉट आणि भिवपुरीचें ७५ मेगावॉट सामर्थ्य मुंबईच्या आपत्काळीं उपयोगी पडण्यास आजहि सिद्ध असतें.

याच्या उलट बाजूचें उदाहरण पुढल्याच वर्षीं घडलें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकच्या अभियंत्यांनीं देखभालीच्या वेळीं एक आज्ञा दिली. चुकीची आज्ञा अडविणाऱ्या तपासणींतच दोष होता, आणि त्या कंपनीचीं सर्व केंद्रें जगापासून तुटलीं. तीं दुरून सुधारावीं तर दुरून पोंचण्याचीं साधनेंहि निकामी झालीं होतीं. शेवटीं माणसें प्रत्यक्ष पाठवावीं लागलीं, आणि सुमारें सहा तास कोट्यवधि लोकांचा व्यवहार थांबला. पुन्हां सुरू करतांनाहि सर्व भार एकदम न घेतां हळूहळू घ्यावा लागला, कारण विजेची मागणी एकाएकीं उसळली असती. ज्या फांदीवर बसावें तीच तोडूं नये, हें पंचायतीच्या पारावरचें शहाणपण येथें विसरलें गेलें होतें. दूरच्या यंत्रास जागें करणारी वाट त्या यंत्राच्या जागेपणावर अवलंबून असतां कामा नये. सुज्ञ लोक म्हणूनच सर्व्हरपाशीं स्वतंत्र वाटेनें पोंचणारें एक लहानसें उपकरण ठेवितात. मुख्य यंत्र निद्रित असलें तरी तें जागें असतें. ज्या ठिकाणीं हें नसेल त्या ठिकाणीं कितीहि कुशल लेख लिहिला तरी तो बंद दारावर हांका मारीत राहतो.

आज महाराष्ट्राच्या वीजजाळ्यावर ऐरोली येथील राज्य भारप्रेषण केंद्राची नजर असते. केंद्रोकेंद्रीं बसविलेलीं ‘रिमोट टर्मिनल युनिट’ नांवाचीं उपकरणें दर कांहीं सेकंदांनीं तेथील स्थिति कळवीत असतात. खालापूरला लागून असलेल्या पनवेल तालुक्यांत सर्व्हरांचीं मोठालीं आगारें उभीं राहिलीं आहेत, आणि त्यांसहि हेंच वीजजाळें पोसतें. वीज सर्व्हरांस जगविते आणि वीजजाळें गणकयंत्रांकडून आपली खुशाली विचारून घेतें. दोघांचें भवितव्य असें एकमेकांत गुंतल्यामुळें, दोघेही एकदम थांबले तर आरंभ कोणापासून करावयाचा, हा प्रश्न अधिकच गंभीर झाला आहे. त्याचें उत्तर अजून तरी घाटमाथ्यावर सांठविलेल्या पाण्यापाशीं सांपडतें.

आणि तें पाणी केवळ यंत्रासाठीं वाहत नाहीं. खोपोलीच्या चाकांवरून उतरलेलें पाणी पाताळगंगेंत जातें. भिवपुरीचें पेज नदीवाटे उल्हासेस मिळतें. या पाण्यामुळें त्या नद्या उन्हाळ्यांतहि वाहत्या राहतात, आणि त्यांच्या कांठीं भाजी पिकते, गुरें पाण्यावर येतात, बायका धुणीं धुतात, मुलें डुंबतात. यंत्र सुरू झालें कीं पात्रांतील पाणी वाढतें. थांबलें कीं ओसरतें. दूरच्या दालनांत बसून ‘सुरू’ असें लिहिणाऱ्याच्या पडद्यावर दाब, गति आणि ताल हे सारे उमटतात. नदींतल्या दगडावर बसलेलें पोर मात्र उमटत नाहीं. जी गोष्ट उत्तरांत येत नाहीं ती आज्ञा देणाऱ्याच्या लेखीं नसतेच, आणि म्हणूनच कोणकोणतीं उत्तरें मागवावयाचीं हें ठरविणें हेंच या विद्येंतील सर्वांत जबाबदारीचें काम आहे.

दीडशें वर्षांहून अधिक काळ या दोन तालुक्यांतून आज्ञा धांवत आल्या आहेत, कधीं तारायंत्रावर, कधीं टेलिफोनवर, आतां प्रकाशतंतूंवर. साधनें बदललीं, वेग वाढला. परंतु बोरघाटांतील सांधेवाल्यानें पाळलेला नियम ढळलेला नाहीं. गाडी थांबली आहे अशी खात्री होईपर्यंत सांधा फिरवावयाचा नाहीं. आज्ञा देणें सोपें आहे; उत्तराची वाट पाहण्याइतका धीर आणि तें नीट ऐकण्याइतकें लक्ष, यांवरच दूरचें यंत्र विश्वासानें चालतें.